कोंबड्यांखालचं आमंत्रण

"भांडं त्यांना द्या, खोकं मला द्या."

पार्सलवाल्याने विचारलं होतं फक्त एवढंच, की मुंबईकर वहिनींचं घर कुठलं. पूर्णगडच्या खाडीकडून चढून येणारा लाल मातीचा रस्ता, डोक्यावर चैत्राचं ऊन, आणि समोर एक मुलगी... केसांत कागदाचे कपटे, हातात कात्री, नजर थेट त्याच्या छातीवर. छातीशी त्याने खोकं धरलेलं होतं, ही गोष्ट वेगळी.

"नाव त्यांचं आहे ह्यावर," तो म्हणाला.

"नाव त्यांचंच राहू दे. मला पुठ्ठा हवाय. कोंबड्यांना."

"खायला?"

"झोपायला," गुणवंती म्हणाली. जणू रत्नागिरी जिल्ह्यातल्या तमाम कोंबड्या पुठ्ठ्यावर झोपतात आणि ह्यालाच तेवढं ठाऊक नाही.

मग ती स्वतः त्याच्याबरोबर वहिनींच्या अंगणापर्यंत गेली. वहिनींना खोकं तिथल्या तिथे उघडायला लावलंन, आतलं मिक्सरचं भांडं त्यांच्या हातात ठेवलंन आणि रिकामं खोकं काखेत मारून परत फिरली. पार्सलवाला बघत राहिला. भरलेल्या खोक्याची वाट बघणाऱ्या मुली त्याने रोज बघितल्या होत्या. रिकाम्या खोक्याकडे इतक्या मायेने बघणारी ही पहिलीच. हे डोळे एखाद्या दिवशी चुकून खोक्याच्या वर उचलले गेले तर काय होईल, असा एक विचार त्याच्या मनात आला, असं त्याने पुढे कबूल केलं. त्या वेळी मात्र त्याने फक्त हेल्मेट उलटं घातलं.

त्याचं नाव रूपेश. पूर्णगडच्या मच्छीमारांच्या वाडीतला. बापूस होडीवर, आणि हा होडीवर न जाता मोटरसायकलवर फिरतो म्हणून घरात थोडा बदनाम.

आता पुठ्ठ्याचं काय ते सांगून टाकलेलं बरं. गुणवंतीच्या खुराड्यात गावठी कोंबड्या होत्या. त्यांच्या खाली कोरडं काहीतरी अंथरावं लागतं. नाहीतर ओल धरते, वास सुटतो, पाय बिघडतात. बाकीचे महिने भाताचा पेंढा असतो. पण आंब्याच्या दिवसांत पेंढ्यावर पहिला हक्क हापूसचा. घराघरांतला पेंढा आंब्यांच्या पेट्यांत जातो, त्यावर हापूस ऐसपैस लोळतात, आणि कोंबड्यांनी कुठे बसावं ह्याचा विचार एकही बागायतदार करत नाही. म्हणून गुणवंतीने घराघरांतला कागद आणि पुठ्ठा गोळा करायला सुरुवात केली. मुंबईच्या काकाचं ऑफिस बंद पडलं तेव्हा त्याने तिथलं कागद फाडायचं यंत्र आठवण म्हणून गावी आणलं होतं. मुंबईत ते कंपनीची गुपितं फाडायचं. इथे ते जुनी वर्तमानपत्रं फाडायचं. वीज असली तर.

ह्यातसुद्धा शास्त्र होतं. आधी चिकटपट्टी आणि पिना काढायच्या, कारण कोंबडी पिन गिळते. चकचकीत कागद बाजूला काढायचा, तो ओल पीत नाही. लांब पट्ट्या पायात गुंततात, म्हणून त्या आडव्या कापायच्या. वर्तमानपत्र अख्खं अंथरलं तर पिल्लांचे पाय घसरून फाकतात. सगळ्यांत उत्तम पुठ्ठा. आणि ह्या सगळ्याच्या आधी तिच्या आईचा, सोनूबाईचा, कायदा — कुठल्याही कागदावर देव असेल तर तो पहिला कापून घ्यायचा. देव कोंबड्यांच्या पायाखाली जाता कामा नये. कॅलेंडरवर देव, उदबत्तीच्या पुड्यावर देव, लग्नपत्रिकेवर तर गणपती हटकून. त्यामुळे गुणवंतीच्या घरात गणपतीच्या तसबिरींचा एक मोठा डबा भरत आला होता. तो विसर्जनाच्या दिवशी पाण्यात सोडायचा होता.

रूपेश तिसऱ्याच दिवशी आला. ह्या वेळी वाडीत कुणाचंही पार्सल नव्हतं.

"हे..." त्याने मोटरसायकलवर दोरीने बांधलेला ढीग दाखवला. "वाटेतल्या घरांतून घेतले. नवीन खोकं दिलं की जुनं मागतो. लोकांना वाटतं, कंपनीचा नियम आहे."

"तुम्ही सांगता तसं?"

"मी काही सांगत नाही. ते विचारतात, मी मान हलवतो."

"खोटं बोलता."

"मान हलवतो," तो म्हणाला. "मानेला काही खोटं बोलता येत नाही."

तिने हसू दाबलंन आणि पुठ्ठा मोडायला घेतलान. तोही बसला. चिकटपट्टी सोलताना त्याच्या बोटांना मीठ लागल्यासारखा वास होता, होडीचा. म्हणजे घरी गेल्यावर बापसाला मदत करतो तर. हे तिने लक्षात घेतलंन आणि आपण ते का लक्षात घेतलं म्हणून स्वतःवरच चिडली.

त्यानंतर तो येतच राहिला. आणि गुणवंतीचं बिघडत गेलं. चढणीवर मोटरसायकलचा आवाज आला की तिच्या हातातलं काम थांबायचं. आवाज दुसऱ्याच कुणाचा निघाला की काम सुरू व्हायचं, पण उलटं. एकदा तिने कोंबड्यांना भात घातलान आणि तांदूळ धुतलेलं पाणी भावकीतल्या म्हाताऱ्याला ताक म्हणून दिलंन. म्हाताऱ्याने ते पिऊन चांगलं म्हटलं, म्हणून बोभाटा झाला नाही. दिवसातून तीनदा ती काठीने खुराड्यातला कागद वरखाली करायची. एकदा करायचा असतो. कोंबड्या दमल्या.

"गुणे, त्या बिचाऱ्यांना जरा बसू दे गो," सोनूबाई ओसरीवरून म्हणायची. "अंडी घालायची की तुझी कसरत बघायची त्यांनी?"

सोनूबाईला दिसत नव्हतं असं नाही. पण ती बोलायची नाही. बोललं की गोष्ट खरी होते, आणि ही गोष्ट तिला खरी व्हायला नको होती. मासे ती आठवड्यातून पाच दिवस खायची. पण मासा खाडीवरून वर शेतकऱ्याच्या घरात येणं आणि शेतकऱ्याची मुलगी खाली मासेवाल्यांच्या घरात जाणं, ह्या तिच्या लेखी दोन निराळ्या वाटा होत्या. पहिली रोजची. दुसरीवरून अजून कुणी गेलं नव्हतं.

मग एक दिवस रूपेश आला तो नेहमीपेक्षा मोठा ढीग घेऊन. रत्नागिरीला जाऊन आला होता. ढीग खाली उतरवता उतरवता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "ताईचं लग्न आलं. आईची धावपळ चाललीय. धावपळ म्हणजे... पाय मुरगळलाय तिचा. जेटीवर घसरली. खाटेवरूनच धावते."

"बरं."

"आणि आई म्हणते, ताईच्या मांडवात माझंही बघून टाकू. केळशीची मुलगी आहे. आमच्या सखूमावशीची भाची. लग्नाला येणार आहेत ते लोक. बघायला."

गुणवंतीच्या हातातली कात्री थांबली. मग चालू झाली.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "केळशी चांगलं गाव आहे."

"गाव चांगलं आहे," तो म्हणाला.

"मग अडलंय कुठे?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. बोलणार होता काहीतरी... पण तेवढ्यात सोनूबाई ओसरीवर येऊन विनाकारण सुपात तांदूळ पाखडायला बसली. ते सूप रिकामं होतं. रूपेशने दोरी गुंडाळली आणि गेला. एक अख्खं जड खोकं त्याने न उघडताच तिथे ठेवलं होतं, हे त्याच्याही लक्षात आलं नाही आणि तिच्याही.

ती दुपारभर कात्री चालवत राहिली. त्या जड खोक्यात लग्नपत्रिकांचा गठ्ठा निघाला, हल्लीच्या फॅशनच्या खरबरीत कागदाच्या. त्यात नवल काही नव्हतं. लोक पत्रिका छापतात जास्त आणि वाटतात कमी. उरलेले गठ्ठे कितीतरी घरांतून तिच्याकडे यायचे. कागद उत्तम होता, ओल पिणारा. ती एकेक पत्रिका उचलायची, गणपती कापून डब्यात टाकायची, उरलेली यंत्रात घालायची. 'केळशी चांगलं गाव आहे.' कच्. 'भाची.' कच्. 'बघून टाकू.' कच्. मेली वीजही त्या दिवशी गेली नाही. पत्रिका उघडून तारीख बघायची असते, हे तिला नंतर सगळ्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, धापा टाकत.

"काल एक खोकं... रत्नागिरीच्या छापखान्यातून आणलेलं. ताईच्या पत्रिका होत्या."

गुणवंतीने खुराड्याकडे पाहिलंन. कोंबड्या आत ऐसपैस बसल्या होत्या, पंख फुलवून, मानाच्या पाहुण्यांसारख्या. रूपेश वाकून आत गेला. एका लालभडक कोंबडीच्या खालून त्याने एक पट्टी ओढली. तिच्यावर लिहिलं होतं, 'चि. सौ. कां. मनि'. कोंबडीने ती परत ओढून घेतली.

"सगळ्या?" त्याने विचारलं.

"गणपती शिल्लक आहेत," गुणवंती बारीक आवाजात म्हणाली.

तो खुराड्याच्या दारात मटकन खाली बसला. आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं, रडतोय. जवळ जाऊन बघितलंन तर हसत होता, तोंडावर हात धरून. मग तिलाही... पण तिचं हसू अर्ध्यातच फुटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी त्याच्या ताईच्या, मनिषाच्या, पत्रिकांसाठी होतं की केळशीसाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"अहो, रडू नका. छापखाना आता मेच्या आत द्यायचा नाही, ही गोष्ट खरी. पण आमच्या वाडीत तोंडी बोलावण्याला मान जास्त. कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेऊन दारोदार जायचं. फक्त..."

"फक्त काय?"

"बोलावणं बाईने करायचं असतं. घरच्या बाईने. आईला चालवत नाही. ताई नवरी. काक्या-माम्या सगळ्या मुंबईत, हळदीच्या दिवशी उतरणार." तो उभा राहिला आणि पँटवरचे कागद झटकत अगदी सहज म्हणाला, "आणि पत्रिका कुणी फाडल्या?"

सोनूबाईने सगळं ऐकलं होतं. ती ओसरीवरूनच म्हणाली, "जा. लोकांच्या लेकीचं लग्न तू कोंबड्यांखाली घातलंस. फेडून ये." मग मागाहून, "पण संध्याकाळच्या आत."

तर अशा रीतीने गुणवंती आईची हिरवी साडी नेसून मोटरसायकलवर मागे बसली. तिच्या हातात करंडा होता, आणि करंडा दोन्ही हातांनी धरावा लागतो, म्हणून ती त्याला धरू शकत नव्हती. चढण उतरताना हे दोघांनाही जाणवलं. रूपेशने मोटरसायकल अशी चालवली, जणू मागे अंडी आहेत.

आधी त्याच्या घरी गेले. चिमाकाकी, म्हणजे त्याची आई, खाटेवर पाय उशीवर ठेवून बसली होती. तिने गुणवंतीला वरपासून खालपर्यंत बघितलंन.

"हीच ती कोंबडीवाली?"

"हीच," मनिषा आतून म्हणाली. ती बिचारी नवरी, पण हसून हसून बेजार झाली होती.

"कुंकू लावता येतं ना गो? भुवयांच्या मधी लाव, नाकावर नको. आणि देवळात पहिला नारळ ठेव, मग घरं." एवढं बोलून चिमाकाकीने अक्षतांची वाटी तिच्या ओंजळीत दिलीन. पत्रिकांचा विषय तिने काढलाच नाही, त्यामुळे गुणवंतीला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

देवीपुढे नारळ ठेवून ते घरं घ्यायला लागले. पहिल्याच दारात प्रश्न आला. कुंकू लावून घेता घेता म्हातारीने विचारलं, "ही कोण रे?"

"ऑफिसातली आहे," रूपेश म्हणाला.

दुसऱ्या दारात ती मनिषाची कॉलेजातली मैत्रीण झाली. तिसऱ्या घरी रूपेशने नुसती मान हलवली. त्याच्या पुढच्या घरी कुत्रा फार भुंकत होता, म्हणून वाचली. आणि जाळं विणत बसलेल्या बाबल्याच्या अंगणात तर रूपेशने कमाल केलीन.

"पंचायतीची आहे. सर्वे चाललाय."

बाबल्याने जाळ्यातून डोकं वर काढलं. "सर्वेवाली कुंकू लावत फिरते काय रे? मला पण लावायचं ऱ्हायलं वाटतं." आणि गुणवंतीला म्हणाला, "बाय, ह्याच्या बापसालाही असंच. पाण्यात सरळ होडी हाकील, पण जमिनीवर सरळ बोलायचं म्हणजे..."

ऊन कलायला लागलं तसा समुद्रावरून वारा सुटला. सुकत घातलेल्या जवळ्याचा वास, ओढून ठेवलेल्या होड्या. प्रत्येक दारात ती नवी कुणीतरी होत होती. कपाळावर इतक्या घरांचं कुंकू बसलं होतं की घामाबरोबर ते नाकावर उतरत होतं. एका होडीच्या सावलीला ती थांबली आणि करंडा वाळूवर ठेवलान.

"तुम्हाला खरं सांगायला काय होतं?"

"काय सांगू?"

"कोंबडीवाली आहे. पत्रिका फाडल्यान म्हणून फिरते. एवढं सोपं आहे."

"ते खरं आहे," रूपेश म्हणाला. तो होडीच्या लाकडावरचा रंग नखाने खरवडत होता. "पण तेवढंच खरं आहे का?"

लाट आली आणि गेली.

"केळशी खरं आहे ना?" ती म्हणाली.

"आई म्हणते म्हणून... आहे."

"आणि तुम्ही?"

"मी..." त्याने तिच्याकडे बघितलं, मग समुद्राकडे, मग पायांकडे. "पुढचं घर सखूमावशीचं आहे," तो म्हणाला.

ह्याच्यापेक्षा कोंबडा बरा, गुणवंतीच्या मनात आलं. निदान वेळेवर तोंड उघडतो.

सखूमावशी पायरीवर सुपारी कातरत बसली होती. केळशीची माहेरवाशीण, आणि वाडीतली बहुतेक लग्नं तिच्या हातून जमलेली. तिचं एकही जमवलेलं लग्न मोडलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी जमवलेलं टिकेल असं तिला वाटत नव्हतं. गुणवंतीने तिला कुंकू लावलंन, अक्षता दिल्यान, "मनिषाच्या लग्नाला सगळ्यांनी यायचं" म्हटलंन. सखूमावशीने मान डोलावली. मग अडकित्ता खाली ठेवला.

"सकाळपासून ऐकत्ये," ती म्हणाली. "कुणी सांगतं ऑफिसातली, कुणी सांगतं मैत्रीण, कुणी सांगतं सरकारी. तू नक्की कोण गो?"

रूपेशने घसा साफ केला. "मावशे, ही..."

"तुम्ही थांबा," गुणवंती म्हणाली.

तिच्या हातात करंड्याचं झाकण वाजत होतं. तिला वाटलं, आता पळून जावं, थेट चढण चढून, खुराड्यात शिरून कडी लावून घ्यावी. पण तोंड आपल्याआपण चालू झालं.

"मी वरच्या वाडीतली गुणवंती. कोंबड्या पाळते. ह्यांच्या ताईच्या पत्रिका मीच फाडून कोंबड्यांखाली घातल्या. चुकून. तुमची भाची येणार आहे हे ऐकून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणून बघितलं नाही. ह्यांची मी कोण... ते माझ्याकडून ठरलंय. ह्यांचं काय ते ह्यांना विचारा."

शेजारच्या घरात कुणीतरी चालू रेडिओ बंद केला.

सखूमावशी रूपेशकडे वळली. "काय रे? तुझं काय?"

"पाणी मिळेल काय?" रूपेश म्हणाला.

सखूमावशीने आतून तांब्या आणून दिला. त्याने तो जवळजवळ सगळा प्यायला. उरलेलं थोडं शर्टावर गेलं. गुणवंती समोरच्या माडाकडे बघत उभी होती. माड कसा असतो, ते तिने आयुष्यात एवढं बारकाईने कधी बघितलं नव्हतं. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मावशे, केळशीला फोन कर. बघायला येऊ नका म्हणावं." त्याचा आवाज थोडा चिरकला, पण थांबला नाही. "लग्नाला या म्हणावं."

"कुणाच्या लग्नाला?" सखूमावशीने विचारलं.

"आत्ता ताईच्या."

"आत्ता," सखूमावशी म्हणाली, आणि पुन्हा सुपारी कातरायला लागली. आपण न जमवलेलं लग्न तिच्या पायरीवर जमत होतं, आणि कात्रण नेहमीपेक्षा जाड पडत होतं. मग तिने एक खांड उचलून गुणवंतीच्या हातावर ठेवलं. "घे. बोलावणं करणारीला रिकाम्या हातान् पाठवू नये."

परत येईपर्यंत बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. मोटरसायकलपेक्षा वाडीतल्या बायका वेगवान. चिमाकाकीने मुलाच्या तोंडाकडे बघितलंन, मग गुणवंतीच्या.

"सगळी घरं झाली?"

"झाली, आई," रूपेश म्हणाला.

"नाय झाली. एक ऱ्हायलं. हिचं." तिने उशीवरचा पाय खाली घेतलान. "रिक्षा बोलव."

"तुला चालवत नाही ना?"

"रिक्षात चालायचं नसतं," चिमाकाकी म्हणाली.

चढणीवर रिक्षा थांबली तेव्हा सोनूबाई कोंबड्यांना आत घेत होती. मागून मोटरसायकलवरून ती दोघं उतरली. दुखऱ्या पायाची चिमाकाकी ज्या चपळाईने पायऱ्या चढली, ते बघून रूपेशने गुणवंतीकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. ती आता त्याच्याकडे बघायला तयार नव्हती. तिचं सगळं लक्ष आईकडे होतं. आई काय म्हणेल, ह्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं, आणि आईचा चेहरा सुपासारखा सपाट होता.

"या," सोनूबाई म्हणाली. "झालं तुमचं नुकसान. पोरीने चूक केलीन."

"ते ऱ्हाऊ द्या." चिमाकाकीने वाकून सोनूबाईला कुंकू लावलंन, अक्षता दिल्यान. "मनिषाच्या लग्नाला यायचं. सगळ्यांनी." मग खुराड्यात डोकावून म्हणाली, "एवढ्या कोंबड्या आणि वास नाय हो. आमच्या वाडीला सगळे वासावरून बोलतात."

सोनूबाई खुराड्याची कडी लावायला वळली. बोलणाऱ्यांत ती होती.

"तर काय झालंय," चिमाकाकी ओसरीच्या कडेवर टेकली, "बोलावणं घरच्या बाईने करायचं असतं. आमच्यात रीत हाय. तुमच्या पोरीने आज अख्ख्या वाडीला बोलावलंन. आता ती आमच्या घरची नाय म्हटलं, तर ते बोलावणंच खोटं. वाडीतलं एक माणूस मांडवात यायचं नाय. माझ्या पोरीचं लग्न कुणाच्या समोर लावू मी?"

सोनूबाईने आयुष्यात बऱ्याच स्थळांची बोलणी ऐकली होती. पण मुलगी दिली नाही तर दुसऱ्याच मुलीचं लग्न अडतं, असा पेच तिला कुणी घातला नव्हता.

"आम्ही शेतकरी माणसं," ती शेवटी म्हणाली. "तिला मासे निवडता येत नाहीत नीट. कोलंबी सोलताना अर्धी फुकट घालवते."

"माझ्या झिलाला, ह्या रूपेशला, कुठे होडीवर जाता येतं?" चिमाकाकी म्हणाली. "दोघं मिळून खोकी फाडतील."

खुराड्याच्या मागे, जिथून सगळं ऐकू येत होतं आणि कुणाला दिसत नव्हतं, तिथे रूपेश हळूच म्हणाला, "गुणवंती..."

त्याने आतापर्यंत तिला नावाने हाकच मारली नव्हती.

"काय?"

"मगाशी त्या होडीपाशी मी बोलायला हवं होतं. जमलं नाही. तू..." तो थांबला. तिच्याही लक्षात आलं आणि त्याच्याही, की तो 'तू' म्हणाला. परत घ्यावं की काय, असा क्षणभर विचार केलान, मग राहू दिलंन. "तू चिडलीस?"

"चिडले होते. अजून आहे थोडी."

"किती?"

"उद्या पुठ्ठा घेऊन ये, मग सांगते," ती म्हणाली. तीही त्याला अरे-तुरे करून बसली होती. त्याने कागदाचा एक कपटा तिच्या केसांतून काढला. तो काढायला फार वेळ लागला, आणि तिने त्याबद्दल काही तक्रार केली नाही.

ओसरीवर सोनूबाई उठली. आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती स्वतःचा करंडा घेऊन. तिने चिमाकाकीच्या कपाळावर कुंकू लावलंन, आणि ओटीत मूठभर तांदूळ टाकलान.

"हे आमंत्रणाचं," ती करड्या आवाजात म्हणाली. "दुसऱ्या गोष्टीचं नंतर बघू. तिच्या बापसाला मुंबईस्नं येऊ दे."

"नंतर म्हणजे कधी?" चिमाकाकीने विचारलं.

सोनूबाईने आभाळाकडे बघितलंन. निळंभोर, कोरडं ठाक, एक ढग नाही.

"पाऊस गेला की."

खुराड्यामागे गुणवंतीने तेच आभाळ बघितलंन. यंदाचा पाऊस अजून समुद्रात कुठे असेल, त्याचा पत्ता नव्हता. तो यायचा होता, कातळाच्या सड्यावर धोधो कोसळायचा होता, भातं लावायची होती, कापायची होती. आणि तिला झालं होतं, तो कधी एकदा निघून जातोय.